‘रिकामे आहे का?’ : आज्ञावलीतील रिक्ततेची परीक्षा आणि तिची वाचनीयता

झाशी जिल्ह्यातील बबीना हे छावणीचे गाव. झाशीच्या दक्षिणेस, ललितपूरच्या वाटेवर, सुमारे २५ किलोमीटर अंतरावर ते वसले आहे आणि त्याला लागून लष्कराचे विस्तीर्ण सरावक्षेत्र आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील तुकड्या येथे गोळीबाराच्या सरावासाठी येतात. त्यांत मराठी भाषक जवानही असतात. कोणत्याही गोळीबार-मैदानावर सराव संपला की एक प्रश्न सर्वांत आधी निकालात काढावा लागतो : बंदूक रिकामी आहे का? या प्रश्नाचे उत्तर दोन मार्गांनी मिळू शकते. किती काडतुसे दिली, किती उडाली, किती पुंगळ्या परत आल्या यांचा हिशेब मांडून बाकी शून्य राहते, असे दाखविता येईल. किंवा मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून, काडतुसाची जागा डोळ्यांनी पाहता येईल. हिशेबाला आपले स्थान आहेच. तथापि जिवाचा प्रश्न येतो तेथे हिशेबावर विसंबून कोणी राहत नाही, पाहिले जाते. पाहण्याचाही क्रम ठरलेला असतो. आधी मॅगझिन, मग बोल्ट. हा क्रम उलटला तर बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस आत ढकलतो आणि रिकामेपणाच्या तपासणीनेच बंदूक भरली जाते.

संगणकाच्या आज्ञावलीत हाच प्रश्न पदोपदी विचारला जातो. यादी, संच, रांग, अक्षरमाला अशा कोणत्याही संग्रहावर काही क्रिया करण्यापूर्वी त्यात काही आहे की नाही हे विचारावे लागते. तंत्राच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच ती कशी लिहावी याचा विचार फारसा होत नाही. मात्र एकाच प्रश्नाची चार-पाच परस्परभिन्न रूपे संगणकीय भाषांमध्ये रूढ आहेत, त्यांतून वाचणाऱ्याच्या मनात उमटणारा अर्थ वेगवेगळा आहे, आणि या भेदांमागे अभावाविषयीच्या निरनिराळ्या कल्पना उभ्या आहेत. डोनाल्ड कनुथ यांनी १९८४ साली ‘साक्षर आज्ञालेखना’ची कल्पना मांडताना आज्ञावलीकडे माणसाने माणसासाठी लिहिलेले लेखन म्हणून पाहण्याचा आग्रह धरला होता. ती दृष्टी स्वीकारली तर रिक्ततेची परीक्षा हे एक विधान ठरते, आणि विधान म्हणून त्याची चिकित्सा करणे हे भाषा व साहित्य यांच्या तौलनिक अभ्यासकाच्या कक्षेत येते. प्रस्तुत लेखात या परीक्षेच्या प्रमुख रूपांचा मराठीच्या अभाववाचक शब्दसंपदेच्या आणि झाशी-बबीना परिसरातील दोन उदाहरणांच्या आधारे विचार केला आहे. कोणत्या जागी, कशाचा अभाव आहे आणि तो पाहिलेला आहे की गृहीत धरलेला, या तीन गोष्टी जी परीक्षा वाचकास सांगते तीच वाचनीय, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

१. मोजणे आणि पाहणे

रिक्ततेची सर्वांत जुनी आणि आजही सर्वत्र आढळणारी परीक्षा मोजणीची आहे : ‘जर लांबी(यादी) == ०’. तिचा अर्थ गणिताने निःसंदिग्ध आहे. तथापि वाचणाऱ्यास तो दोन पावलांनी गाठावा लागतो. प्रथम लांबी नावाची संख्या मनात आणायची, नंतर तिची शून्याशी तुलना करायची, आणि त्यानंतर ‘म्हणजे यादी रिकामी आहे’ असा निष्कर्ष आपला आपण काढायचा. निष्कर्ष लेखकाच्या मनात असतो, कागदावर नसतो. याच परीक्षेची ‘लांबी < १’, ‘लांबी > ०’, ‘लांबी >= १’ अशी उपरूपेही लिहिली जातात आणि प्रत्येक वेळी चिन्हाची दिशा तपासावी लागते. ‘घरात किती माणसे आहेत?’ असे विचारून ‘शून्य’ हे उत्तर मिळविणे आणि ‘घरात कोणी आहे का?’ असे विचारणे यांतील अंतर येथे आहे. दार ठोठावणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारत नाही.

हे अंतर केवळ शैलीचे नाही. सी प्लस प्लस या भाषेच्या १९९८ च्या मानकानुसार, साखळीरूप यादीची लांबी सांगताना संपूर्ण साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाण्याची मुभा होती. लाख घटकांची यादी रिकामी नाही एवढे कळावे म्हणून लाख घटक मोजले जात. स्कॉट मायर्स यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह एसटीएल’ या ग्रंथात लांबीची शून्याशी तुलना करण्याऐवजी ‘एम्प्टी’ हे थेट विचारणारे साधन वापरावे असा स्वतंत्र नियमच सांगितला. २०११ च्या मानकाने लांबी तत्काळ सांगण्याचे बंधन घातल्यावर वेळेचा प्रश्न मिटला. परंतु नियम टिकून राहिला, कारण त्याचा खरा आधार वाचनीयतेचा होता. विदागारांच्या एसक्यूएल भाषेतही ‘अशा किती नोंदी आहेत’ हे मोजणे आणि ‘अशी नोंद अस्तित्वात आहे का’ हे विचारणे यांसाठी दोन निराळे शब्द आहेत. दुसऱ्या प्रश्नाला पहिली नोंद सापडताच थांबता येते. हास्केल भाषेत तर अनंत यादी लिहिता येते. तिची लांबी विचारली तर उत्तर कधीच येणार नाही. ती रिकामी आहे का असे विचारले तर ‘नाही’ हे उत्तर क्षणात मिळते. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. रिक्तता हा संख्येचा एक विशेष प्रकार आहे ही समजूत अपुरी आहे. संख्या जेथे ठरतच नाही तेथेही रिक्ततेचा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर देता येते.

सरावक्षेत्रावरील दोन मार्ग येथे आठवावेत. पुंगळ्यांचा हिशेब हे मोजणीचे रूप आहे, काडतुसाच्या जागेकडे पाहणे हे थेट परीक्षेचे. हिशेबात एक चूक झाली की निष्कर्ष चुकतो. पाहण्यात मधला दुवाच नसतो.

२. विशेषण की क्रियापद?

थेट परीक्षा अधिक चांगली असे मान्य केले तरी तिला नाव काय द्यावे हा प्रश्न उरतो. सी प्लस प्लसमधील ‘एम्प्टी’ हा इंग्रजी शब्द विशेषण आहे आणि क्रियापदही. ‘यादी.एम्प्टी()’ हे वाक्य ‘यादी रिकामी आहे का?’ असेही वाचता येते आणि ‘यादी रिकामी कर’ असेही. भाषेला पहिला अर्थ अभिप्रेत आहे. रिकामी करण्यासाठी ‘क्लिअर’ हे निराळे नाव आहे. परंतु दुसरा अर्थ मनात धरून आज्ञा लिहिणारे अनेक निघाले. अशी आज्ञा संगणक मुकाट्याने स्वीकारतो, प्रश्नाचे उत्तर काढतो, ते उत्तर टाकून देतो आणि यादी भरलेलीच राहते. अखेर २०२० च्या मानकात या साधनास अशी सूचना जोडण्यात आली की त्याचे उत्तर न वापरता टाकून दिल्यास भाषांतरक आज्ञावलीने लेखकाला सावध करावे. एका शब्दाच्या व्याकरणिक द्व्यर्थासाठी आंतरराष्ट्रीय मानकात तरतूद करावी लागली, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इतर भाषांनी नावातच खबरदारी घेतली. जावाने ‘इजएम्प्टी’ असे नाव योजून आरंभी ‘आहे’ हे क्रियापद बसविले; अक्षरमालेसाठी हे साधन २००६ च्या सहाव्या आवृत्तीत आले, त्याआधी तेथे लांबीच मोजावी लागे. रुबी भाषेने नावाच्या अखेरीस प्रश्नचिन्ह लिहिण्याची सोय केली. ‘यादी.एम्प्टी?’ हे वाचताना प्रश्न ऐकू येतो. मराठीतील प्रश्नार्थक ‘का’ जे कार्य करतो तेच हे चिन्ह करते : ‘यादी रिकामी’ हे विधान, ‘यादी रिकामी का?’ हा प्रश्न.

बबीना येथील सरावात हिंदीतून दिला जाणारा ‘खाली कर’ हा हुकूम याच संदर्भात पाहता येईल. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. प्रमाण मराठीत ‘खाली’ म्हणजे वरच्या विरुद्ध दिशेस. विदर्भ-मराठवाड्याच्या बोलींत हिंदीसारखा अर्थ परिचित आहे, कोकणातून आलेल्या नवख्या जवानास तो शिकावा लागतो. तरीही हुकूम संदिग्ध राहत नाही, कारण ‘कर’ हे क्रियापद त्याच्या पाठीशी उभे असते. ‘खाली’ हे विशेषण एकटे क्रिया सुचवू शकत नाही. मराठीतही ‘रिकामे’ हे विशेषणच आहे. क्रियेसाठी ‘करणे’ जोडावे लागते. इंग्रजी ‘एम्प्टी’मुळे उद्भवलेला घोटाळा या दोन भाषांत उद्भवणे अवघड होते.

मराठीपुढे अडचण आहे ती निराळी. यादी रिकामी, संच रिकामा, पात्र रिकामे : विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. सर्व संग्रहांस लागू पडेल असे एकच नाव हवे असेल तर ‘रिकामा’ हा शब्द उपयोगी पडत नाही. शालेय गणिताच्या परिभाषेने या ठिकाणी ‘रिक्त’ हा तत्सम शब्द निवडला आणि ‘रिक्त संच’ ही संज्ञा रूढ झाली. ‘रिक्त’ लिंगाने विकार पावत नाही. परिभाषेचा संस्कृतकडे असणारा कल केवळ प्रतिष्ठेपोटी असतो असे मानण्याची प्रथा आहे. या उदाहरणात व्याकरणाची सोयही त्यामागे दिसते.

३. मौनाचा संकेत

तिसरे रूप सर्वांत संक्षिप्त आहे. पायथन भाषेत रिकामा संग्रह सत्यासत्याच्या प्रश्नात ‘असत्य’ मानला जातो. म्हणून ‘जर नाही यादी’ एवढेच लिहिले तरी ‘यादी रिकामी असेल तर’ असा अर्थ होतो. २००१ साली सिद्ध झालेल्या ‘पेप ८’ या शैलीपत्रकात हेच रूप शिफारसपात्र ठरविले आहे. या परंपरेचे मूळ लिस्पपर्यंत जाते. तेथे ‘निल’ हीच रिकामी यादी आणि ‘निल’ हेच असत्य.

मराठी वाचकास हे रूप खटकते आणि त्या खटकण्यास कारण आहे. ‘घरात कोणी नाही’ आणि ‘घर नाही’ ही दोन वाक्ये मराठीत एकमेकांच्या जागी येऊ शकत नाहीत. पहिल्यात घराचे अस्तित्व गृहीत आहे, दुसऱ्यात तेच नाकारले आहे. ‘जर नाही यादी’ हे दुसऱ्या वाक्याच्या घाटाचे आहे, अर्थ मात्र पहिल्याचा अपेक्षित आहे. पायथनच्या नियमित वाचकास संकेत ठाऊक असतो, त्यामुळे त्याला अडचण वाटत नाही. संक्षेप हीच त्याला वाचनीयता वाटते. वाचनीयता ही संहितेचा गुणधर्म असण्याबरोबरच वाचकसमूहाच्या संकेतज्ञानावरही अवलंबून असते, हा साहित्यविचारातील परिचित सिद्धांत येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

संकेत मात्र भाषेच्या सीमेवर संपतो. जावास्क्रिप्टमध्ये रिकामी अक्षरमाला असत्य आहे आणि रिकामी यादी सत्य. एका भाषेतून दुसरीत जाणारा आज्ञालेखक जुना संकेत सोबत नेतो आणि चुकतो. हा भाषांतरातील ‘फसव्या मित्रां’चा प्रकार आहे, मराठी ‘शिक्षा’ आणि हिंदी ‘शिक्षा’ यांच्यासारखा. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. पायथनमध्ये रिकामी यादी, शून्य ही संख्या आणि ‘नन’ म्हणजे मूल्याचा अभाव हे तिन्ही एकाच ‘असत्य’ खात्यात जमा होतात. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपूर्वी या खात्यात मध्यरात्रही मोडत असे. वेळ दर्शविणाऱ्या मूल्यांपैकी ००:०० हे मूल्य असत्य गणले जाई. त्यामुळे ‘वेळ दिलेली नाही’ आणि ‘वेळ मध्यरात्रीची आहे’ यांत फरक उरत नसे, आणि दिवसभर बिनचूक चालणारी आज्ञावली एका ठरावीक क्षणी चुके. ही वागणूक दोष मानून ३.५ आवृत्तीत बदलण्यात आली. मौनाला अर्थ असतो, पण एकाच मौनाला अनेक अर्थ असले तर कोणता घ्यावा हे वाचकाला कळत नाही.

‘रिकामे नाही’ हे विचारतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. ‘यादी रिकामी नसेल तर’ यात नकारावर नकार येतो. म्हणून कोटलिन भाषेने ‘इजनॉटएम्प्टी’ असे स्वतंत्र नाव दिले. रुबीतील ‘एनी?’ हा ‘काही आहे का?’ असा सरळ प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो ‘सत्य मानावे असे काही आहे का?’ असे विचारतो. केवळ ‘निल’ असणाऱ्या यादीस त्याचे उत्तर नकारार्थी येते, जरी ती यादी रिकामी नसते.

४. भांडे नाही आणि भांडे रिकामे

वरील चर्चेत एक भेद वारंवार डोकावला. संग्रह आहे पण त्यात काही नाही, ही एक स्थिती. संग्रहच नाही, ही दुसरी. टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत ‘नल’ संदर्भाची योजना केली आणि २००९ साली स्वतःच तिला अब्ज डॉलरांची चूक म्हटले. कारण असे की, भांडे आहे असे समजून त्यात हात घालणारी आज्ञावली भांडेच नसल्याने कोसळते. उलट दिशेची चूकही घडते. ओरॅकलच्या विदागारात रिकामी अक्षरमाला ही ‘नल’ मानली जाते. म्हणजे ‘मधले नाव नाही’ आणि ‘मधले नाव माहीत नाही’ या दोन उत्तरांची नोंद एकच होते.

मराठी कारभाराच्या भाषेने हा भेद एका शब्दात जपला आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून मागविलेल्या माहितीत सांगण्यासारखे काही नसेल तर रकाना कोरा सोडत नाहीत. तेथे ‘निरंक’ लिहितात. असा अहवाल ‘निरंक अहवाल’ म्हणून पाठविला जातो. शब्दाची घडण पाहता ‘निर्’ आणि ‘अंक’ यांचा तो समास आहे : ज्यात अंक नाही असा. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ त्याहून अधिक आहे. कोरा रकाना काहीच सांगत नाही. लिहिणारा विसरला, माहिती आली नाही, की खरोखरच काही नव्हते, हे त्यावरून कळत नाही. ‘निरंक’ सांगतो की पाहिले आणि काही आढळले नाही. साथीच्या दिवसांत एखाद्या गावाचा अहवाल आलाच नाही आणि एखाद्या गावाचा निरंक अहवाल आला, या दोन गोष्टी सारख्या मानल्या तर काय घडेल हे सांगावयास नको. आज्ञालेखनातील एक सर्वमान्य शिफारस अशी आहे की संग्रह परत देणाऱ्या साधनाने ‘नल’ देऊ नये, रिकामा संग्रह द्यावा. तिचे मराठी भाषांतर ‘रकाना कोरा सोडू नये, निरंक लिहावे’ असेच होईल.

‘कोरा’ आणि ‘रिकामा’ यांतील भेदही आज्ञावलीत उतरला आहे. जावाच्या ११ व्या आवृत्तीत, २०१८ साली, ‘इजब्लँक’ हे साधन आले. केवळ मोकळ्या जागा असलेली अक्षरमाला रिकामी नसते, कारण तिला लांबी आहे; पण ती कोरी असते, कारण तिच्यावर वाचण्याजोगे काही लिहिलेले नाही.

लिहून दाखविलेल्या रिक्ततेचे आणखी एक उदाहरण मराठी विद्वत्परंपरेत आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनपद्धतीत तालाच्या खालीची जागा ० या चिन्हाने दाखवितात. त्रितालात नवव्या मात्रेवर टाळी वाजत नाही, हात बाजूला केला जातो. ती मात्रा गाळलेली नसते. तिच्यावर बोल असतो. ० हे चिन्ह वाचणाऱ्यास सांगते की येथे काही राहून गेलेले नाही, येथे टाळी नसणे हेच योजलेले आहे.

५. कशाचा अभाव?

न्याय-वैशेषिक दर्शनात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे आणि त्याचे ज्ञान दोन गोष्टींवाचून होत नाही : ज्याचा अभाव तो प्रतियोगी, आणि जेथे अभाव ते अधिकरण. जमिनीवर घागर नाही, या ज्ञानात घागर प्रतियोगी आहे आणि जमीन अधिकरण. नुसता ‘अभाव’ असा काही नसतो. आज्ञावलीतील परीक्षेस हा निकष लावला तर तिची बरीच रूपे अपुरी ठरतात. ‘लांबी == ०’ यात कशाची लांबी हे कळते, पण त्या शून्याचा अर्थ काय हे कळत नाही. ‘यादी रिकामी’ यात अधिकरण आले. प्रतियोगी मात्र ‘यादी’ या सामान्य नावाआड दडला. ‘प्रलंबित अर्ज नाहीत’ असे नाव दिलेली परीक्षा दोन्ही सांगते. मराठीची बोलती भाषा हे विनासायास करते. घागर रिती असते, पाटी कोरी, गाव ओस, रस्ता मोकळा, बांबू पोकळ, मनुष्य उपाशी. या प्रत्येक विशेषणात काय असावयास हवे होते याची सूचना आहे.

कशाचा अभाव हे ठरले नाही म्हणजे काय होते याचे उदाहरण बबीन्यापासून फार दूर नाही. झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांचा औरस पुत्र १८५१ साली जन्मून काही महिन्यांतच वारला. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्युशय्येवर असताना गंगाधररावांनी आपल्याच कुळातील आनंदराव या मुलास दत्तक घेतले; त्याचे नाव दामोदरराव ठेवण्यात आले. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आता प्रश्न एकच होता : वारसांची यादी रिकामी आहे का? धर्मशास्त्राच्या दृष्टीने विधिपूर्वक घेतलेला दत्तक हा पुत्रच. यादी रिकामी नव्हती. गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या लेखी आश्रित संस्थानाच्या गादीचा वारस औरस तरी हवा किंवा सार्वभौम सत्तेची संमती लाभलेला दत्तक तरी हवा; त्या यादीत कोणी नव्हते. १८५४ साली संस्थान खालसा झाले. विशेष हे की गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस म्हणून दामोदररावांचा हक्क डलहौसी यांनीच मान्य केला. एकच मुलगा, एकच दत्तविधान; मालमत्तेच्या यादीत तो होता, राज्याच्या यादीत नव्हता. ‘वारस नाही’ हे वाक्य दोन्ही पक्षांस समजत होते. कोणत्या अर्थाचा वारस, हे त्या वाक्यात लिहिलेले नव्हते, आणि ज्याच्या हाती सत्ता होती त्याने ते भरून काढले. राणी लक्ष्मीबाईंनी केलेल्या अर्जांचा सारा रोख या न लिहिलेल्या प्रतियोगीवर होता असे म्हणता येईल.

काळाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. नैयायिकांनी प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव असा भेद केला : घागर अजून घडलेली नाही, आणि घागर फुटून गेली. आज्ञावलीस दोन्ही सारखेच. न भरलेली रांग आणि भरून संपलेली रांग यांवर ‘रिकामी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर एकच येते. पहिल्या वेळी वाट पाहावयाची असते, दुसऱ्या वेळी काम थांबवावयाचे असते. तो भेद आज्ञालेखकाने निराळ्या नावाने नोंदवावा लागतो. शिवाय अनेक प्रक्रिया एकाच रांगेवर काम करीत असल्या तर विचारणे आणि काढून घेणे यांच्या मधल्या क्षणात रांग बदलू शकते. ‘रिकामी नव्हती’ हे खरे असते, ‘रिकामी नाही’ हे खरे राहत नाही. म्हणून अशा रांगांसाठी जावासारख्या भाषांत ‘असेल तर दे, नसेल तर नाही म्हण’ अशी एकत्रित क्रिया पुरविली आहे. मॅगझिन आधी आणि बोल्ट नंतर, या क्रमामागील तत्त्वही हेच आहे : तपासले जाते ते तपासणीच्या दरम्यान बदलणार नाही याची आधी सोय करावयाची.

६. समारोप

या विवेचनातून रिक्ततेच्या परीक्षेविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रश्न असण्या-नसण्याचा असेल तर मोजणी न करता थेट विचारावे. संख्या खरोखरच हवी असेल तेथे मोजणी योग्यच. परीक्षेच्या नावात विधान किंवा प्रश्न दिसावा, आज्ञेचा भास होऊ नये. ‘जर नाही यादी’ यासारखा संक्षेप त्या त्या भाषेच्या रूढ वाचकांत सुबोध असतो. परंतु जेथे ‘शून्य’, ‘रिकामे’ आणि ‘अज्ञात’ ही तिन्ही उत्तरे संभवतात तेथे तो टाळावा. संग्रह नसणे आणि संग्रह रिकामा असणे यांची नोंद वेगळी ठेवावी. आणि परीक्षेचा परिणाम माणसांवर होणार असेल तर ‘यादी’ या नावावर न थांबता ती कशाची यादी आहे हे नावातच लिहावे.

यांपैकी शेवटची गोष्ट आज अधिक निकडीची झाली आहे. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, मतदारयादी यांसारख्या नोंदी संगणकीय विदागारांत गेल्या आहेत. एखाद्या खिडकीवर ‘आपली नोंद आढळत नाही’ असे उत्तर मिळते तेव्हा त्या उत्तरामागे या लेखात चर्चिलेल्या रूपांपैकी एखादे रूप उभे असते. नोंद खरोखर नाही, की ती शोधलीच गेली नाही, की ज्या यादीत शोधली ती यादीच दुसरी होती, हे खिडकीपाशी उभ्या असलेल्या मनुष्यास दिसत नाही. आज्ञावली वाचणाऱ्यास ते दिसावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. बबीना येथील मैदानावर बंदूक रिकामी असल्याचे केवळ तोंडी सांगणे पुरेसे मानत नाहीत. बोल्ट मागे ओढलेला ठेवून ती जागा दुसऱ्या माणसालाही पाहू देतात.